दोन वाक्यं गाळून

शाळेच्या फाटकावरचं पत्रक मंजुषानं नखानं ओरबाडायला घेतलं, तेव्हा खळ अजून ओली होती. कागद सरळ निघेना. तुकड्यातुकड्यानं निघत होता आणि प्रत्येक तुकड्यावर तिचीच वाक्यं होती. वर ठळक अक्षरांत 'दानशूर मालक', त्याखाली 'लेखिका : मंजुषा टीचर, मराठी शाळा' आणि बाजूला हात जोडून उभे असलेले चंपतराव ठेकेदार.

कथा तिचीच होती. नांदेडच्या एका दिवाळी अंकात छापून आलेली. चारच पानं, पण पुण्याहून, लातूरहून अनोळखी वाचकांचे फोन आले होते. इतक्या थंड डोक्यानं केलेला उपरोध बऱ्याच दिवसांत वाचला नाही, असं लातूरचा एकजण म्हणाला होता. त्या थंड डोक्याच्या बाईची बोटं आता खळीनं बरबटली होती आणि कानशिलं तापली होती.

घडलं होतं ते असं. भाद्रपदात शाळेच्या स्वयंपाकाची शेड कोसळली. चंपतरावांनीच बांधलेली, वर्षही न झालेली. आडवा लोखंडी अँगल पत्र्यांसकट थेट वरणाच्या उकळत्या भगुन्यात आला आणि मथुराबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. अठरा वर्षं ती त्या शाळेतल्या पोरांचं जेवण रांधत होती. पोरं ताटल्या धुवायला नळावर गेली होती म्हणून वाचली. तिसऱ्या दिवशी चंपतराव फोटोवाल्याला घेऊन दवाखान्यात गेले आणि मथुराबाईच्या मांडीवर एक साडी ठेवून आले. पुढं चौकशी लागली तेव्हा त्यांनी सांगितलं, की शेड मजबूतच होती; बाईनं खांबाला जळणाचे भारे रचले म्हणून ती कोसळली.

मंजुषानं हे सगळं कथेत घातलं. गावाचं नाव काढलं, माणसांची नावं काढली. गोष्ट सांगायला एक भोळा गावकरी उभा केला, जो मालकांवर भाळला आहे आणि पानोपानी त्यांचे गोडवे गातो. 'मालकांची शेड इतकी नम्र, की पहिल्याच वाऱ्याला तिनं वाकून नमस्कार केला.' 'साडी देताना मालकांचे डोळे भरून आले. फोटोवाल्यानं पुन्हा एकदा म्हटलं, तेव्हा पुन्हा एकदा भरून आले.' आणि शेवटी, 'विस्तवाजवळ काम करणारीनं आपला हात आपणच सांभाळायला नको का? मालकांनी कुठंकुठं पुरायचं?' हे वाक्य लिहून झालं तेव्हा तिनं स्वतःशीच हसून पेन खाली ठेवलं होतं.

"फाडून काय व्हते टीचर?"

मागं सुधाकरराव उभे होते. मंडल ऑफिसातले कारकून. गाव मराठी, पण सरकारी कारभार तेलुगूतला; त्यामुळे मराठी कागदांचा तेलुगूत तर्जुमा करायचं काम त्यांच्याकडं होतं. हातात डबा होता. बससाठी निघाले होते.

"फाइलीत लागलं न ते," ते म्हणाले.

"कोणत्या फाइलीत?"

"चौकशीच्या. ठेकेदारानं अर्जासंगं जोडलं. बाईची गलती हाये असं शाळेच्या टीचरनंच लिवलं म्हने. म्या तर्जुमा केला. एक लफ्ज इकडचा तिकडं केला नाई."

"सुधाकरराव, ती गोष्ट आहे! त्यातला माणूस जे बोलतो, ते उलटं घ्यायचं असतं."

सुधाकरराव विचारात पडले. "उलटं घ्यायचं, हे त्याच्यात कुठं लिवलं हाये?"

ते चिडवत नव्हते. खरंच विचारत होते, आणि त्यामुळेच मंजुषाच्या अंगाची आग झाली.

"उद्या अकरा वाजता चौकशीची पेशी हाये," जाताजाता ते म्हणाले. "तुमचंबी नाव हाये, मथुराबाईचंबी."

दुपारच्या सुटीत ती चंपतरावांच्या दुकानात गेली. हायवेला लागून त्यांचं सिमेंट-सळईचं दुकान होतं. वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. ह्या माणसाला आपली टिंगल झाल्याचं कळलेलं नाही. स्वतःच्या बदनामीच्या प्रती काढून त्यानं गावभर लावल्यात. एकदा कळलं की तोंड लपवायला जागा सापडायची नाही त्याला. हे त्याच्या तोंडावर सांगायचं, ह्या कल्पनेनं तिला थोडं सुखही होत होतं.

चंपतराव गल्ल्यामागं बसून चश्मा पुसत होते.

"या टीचर. च्या सांगू?"

"पत्रकं उतरवा." ती उभीच राहिली. "तुम्हाला ती कथा समजली नाही. ते तुमचं कौतुक नाही. त्यातल्या शब्दाशब्दात तुमची खिल्ली उडवलेली आहे."

चंपतरावांनी चश्मा चढवला आणि तिच्याकडं नीट पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मी दहावीपर्यंत मराठीच शिकलो टीचर. तुमच्याच शाळेत. मले समजलं नाई, असं काऊन वाटलं तुमाले?"

त्यांनी चश्म्याचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"अंक आला त्या दिवशीच वाचला. लई राग आला. दोन दिवसानं परत वाचला. मंग ध्यानात आलं. तुमी म्हनलं येक अन् लिवलं येक. जे म्हनलं ते तुमच्या मनात हाये. जे लिवलं ते कागदावर हाये. अन् चौकशी तं कागदाचीच व्हते." त्यांनी गल्ल्यावरचं एक पत्रक सरळ केलं. "दोन वाक्यं तेवढी गाळली. येक शेडीच्या नमस्काराचं अन् येक फोटोवाल्याचं. तेवढं जरा जास्त झालं व्हतं. बाकी नाजूक लिवता तुमी."

हे त्यांनी एखाद्या जुन्या संपादकासारखं, अगदी शांतपणे सांगितलं. पुण्या-लातूरच्या कुठल्याच वाचकानं ती दोन वाक्यं अशी नेमकी वेगळी काढली नव्हती.

"मी उद्या ऑफिसात सांगणार आहे," ती म्हणाली, "की हे सगळं खोटं आहे."

"सांगा न. कोनतं खोटं म्हनसान? हे का भादव्यात सही केलेलं?"

ती दुकानाची पायरी उतरली. मागून त्यांनी कुणाला तरी हाक मारली आणि सळईचा भाव सांगितला, जणू काही झालंच नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती मथुराबाईकडं गेली. मथुराबाई ओसरीवर तूर निवडत होती. सूप मांडीवर होतं आणि डाव्या हातानंच खडे वेचणं चाललं होतं. सून चंदा पाणी देऊन आत गेली.

"मावशी, ते पत्रक..." मंजुषानं सुरुवात केली. "ते तुमच्याविरुद्ध नाही. मी तुमच्याच बाजूनं लिहिलं होतं. ते कसं असतं, की वरून बोलायचं एक आणि..."

"मले समजलं," मथुराबाई म्हणाली. "चंदानं वाचून दाखवलं. तिले राग आला. मीच म्हनलं, थांब वं, टीचर टोमने मारून राह्यली. आमी बायका जलमभर तेच करतो, मले नाई समजनार?"

सकाळपासून पहिल्यांदा मंजुषाला बरं वाटलं.

"पन येक सांगा टीचर. टोमना कोन मारते?" मथुराबाईनं एक खडा अंगणात फेकला. "ज्याले तोंडावर बोलता येत नाई, ते मारते. सासूले सून मारते. तुमाले तं साहेबानं खुर्ची देऊन इचारलं व्हतं."

मंजुषानं पाण्याचा तांब्या उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"तवा तुमी म्हनल्या, मी वर्गात व्हती, मले काई दिसलं नाई."

मथुराबाईच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मंजुषाला सोपं गेलं असतं. ती रागाला राग देऊ शकली असती.

कारण तिला दिसलं होतं. वर्गाच्या खिडकीतून समोर शेडच दिसत असे. भाऱ्यांचा खांबाशी काही संबंध नव्हता. जळण भिंतीकडं रचलेलं असायचं. आणि शेड पडायच्या आठ दिवस आधी तिनं स्वतः तो खांब एका हातानं हलवून मथुराबाईला दाखवला होता, "बघा, दातासारखा हलतो" म्हणून. पण चौकशीला साहेब आले तेव्हा बदल्यांची यादी निघायची होती. चंपतराव शाळा समितीत होते आणि साहेबांच्या शेजारीच बसले होते. तिनं दोन ओळींच्या जबाबावर सही केली, घरी आली आणि त्याच आठवड्यात कथा लिहायला घेतली. लिहिताना तिला वाटत होतं, की आपण फार धाडस करतो आहोत.

आता तिला चंपतरावांचा राग आला, सुधाकररावांचा आला, फोन करणाऱ्या त्या लातूरच्या माणसाचाही आला. एकेका माणसावर तो जरा वेळ टेकायचा आणि उठायचा. घरी जाऊन तिनं दिवाळी अंक काढला, कथा पुन्हा वाचली. चांगली होती. तिला ती फाडावीशी वाटली आणि चांगली होती म्हणून जास्तच फाडावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी पेशीला बसलेल्या मंडल अधिकारी मॅडम हैदराबादकडच्या होत्या, हिंदीत बोलत. टेबलावर फाइल उघडी होती. सुधाकरराव कोपऱ्यात बसले होते. चंपतराव खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी मंजुषाला पाहून मान लववली. मथुराबाईचा जबाब आधीच होऊन गेला होता.

"ये आपने लिखा?" मॅडमनी पत्रक पुढं केलं.

"हाँ."

"सच है?"

"कहानी है, मॅडम."

"कहानी मतलब झूठ?"

मंजुषाजवळ उत्तर होतं. कथेतला सांगणारा वेगळा, लिहिणारी वेगळी. वरच्या अर्थाखाली दुसरा अर्थ असतो. दहावीच्या पोरांना ती हे उदाहरणं देऊन दरवर्षी शिकवत असे. तिनं चंपतरावांकडं पाहिलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. हे उत्तर त्यांनाही पाठ असणार, हे तिच्या ध्यानात आलं.

"हाँ," ती म्हणाली. "झूठ."

मॅडमनी पान उलटलं. "और ये? आपका पहला बयान. 'मैंने कुछ नहीं देखा.'"

"ये भी झूठ है."

चंपतरावांची खुर्ची करकरली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दोनों पर नाम आपका है. फिर सच क्या है?"

"कोरा कागद द्या," मंजुषा मराठीतच म्हणाली.

ती लिहायला बसली. पहिलंच वाक्य सुरेख उतरायला लागलं, तसं तिनं ते खोडलं. 'खांब वाऱ्यावर डोलत' एवढं झालं होतं. खाली लिहिलं, 'खांब हलत होता. मी हातानं हलवून पाहिला होता.' मग तारीख. मग जळणाचे भारे कुठं होते ते. मग अँगल कुठून निसटला, भगुनं कुठं होतं, मथुराबाई कुठं उभी होती. एका ठिकाणी 'बिचारी' हा शब्द आला, तोही काढला. सगळं लिहून झाल्यावर तिनं वाचलं. त्यात काहीच नव्हतं, कुणी दिवाळी अंकात घेतलं नसतं.

सुधाकररावांनी तिथंच तर्जुमा केला. त्यांना कुठं थांबावं लागलं नाही.

"ये 'ठेकेदार' कौन?" मॅडमनी विचारलं. "नाम नहीं लिखा."

मंजुषानं कागद परत घेतला आणि त्या शब्दापुढं चंपतरावांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. ती लिहीत होती तेव्हा ते दीड हातावर बसले होते. पेन एकदा अडखळलं. तिनं ते अक्षर पुन्हा गिरवलं.

"झूठे बयान के लिए मेमो निकलेगा आप पर," मॅडम म्हणाल्या. "सस्पेन्शन भी हो सकता है. समझ रही हैं ना?"

"निकालिए."

चंपतराव उठले आणि फोन कानाला लावून बाहेर व्हरांड्यात गेले. ते कुणाशी काय बोलत होते हे ऐकू आलं नाही, पण आवाज चढलेला होता.

मथुराबाई आवारातल्या लिंबाखाली बसली होती. मंजुषा येताना दिसली तशी ती डाव्या हाताचा आधार घेऊन उठली.

"झालं?"

"झालं."

"काय लिवलं?"

"तुमचा हात काऊन भाजला, ते लिहिलं."

"किती पानं झाले?"

"अर्धं पान."

मथुराबाईनं मान हलवली. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, तशी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"येवढंच तं व्हतं टीचर," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.