कोरा फ्लॅश

कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढताना मास्तरांना भीती वाटली. चौतीस वर्षं फोटो काढून पोट भरलेल्या माणसानं कॅमेऱ्याला घाबरायचं, म्हणजे पोस्टमननं पाकिटाला घाबरण्यासारखं होतं. त्यामुळे ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सकाळपासून त्यांनी चहालाही तोंड लावलं नव्हतं. बायकोनं त्याला अपचन ठरवून दोन गोळ्या दिल्या होत्या आणि भाव करायला म्हणून ती स्वतः बरोबर आली होती.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. ग्रुप फोटो काढताना ते 'हनुवटी खाली, पोट आत' असं इतक्या अधिकारानं म्हणत, की भलेभले साहेब हनुवटी खाली घेत आणि पोट आत घेण्याचा निदान प्रयत्न करीत. पदवी लोकांनीच दिली.

शनिवारी पाणीपुरवठा कार्यालयात एका साहेबांचा निरोप समारंभ होता. तिथल्या कारकुनानं फोनवर विचारलं होतं, "डिजिटल आहे ना तुमच्याकडे? नसेल तर सांगा, आम्ही दुसरा बघतो." मास्तर म्हणाले, "आहे की." फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता तो विकत घ्यावा लागणार.

खर्चाची त्यांना भीती नव्हती. कॅमेऱ्याच्या पाठीवर जो पडदा असतो, त्याची होती.

रोलच्या कॅमेऱ्यात सभ्यता होती. क्लिक आणि निकाल यांच्यात आठ दिवस जायचे, आणि आठ दिवसांत माणूस बरंच काही रचू शकतो. मास्तरांचा धंदाच त्या आठ दिवसांवर उभा होता. लग्नाचं काम तीन रोलचं ठरायचं, म्हणजे एकशे आठ फोटो. मास्तर कसबी, रोल जपून भरून ते एकशे चौदा काढायचे. पण लग्नाला नातेवाईक असतात. नवऱ्या मुलाचा काका भेटवस्तूच्या खोक्यासकट उभा राहून म्हणतो, "एक आमचाही होऊन जाऊ द्या." काकाला नाही म्हणणारा फोटोग्राफर पुढच्या लग्नात दिसत नाही. त्यावर मास्तरांनी एक युक्ती काढली होती. फ्लॅशला मागच्या बाजूला चाचणीचं एक छोटं बटण असतं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, 'हनुवटी खाली' म्हणायचं आणि फक्त ते बटण दाबायचं. लख्ख उजेड पडायचा. काका खूश, रोल शाबूत. मास्तर मनातल्या मनात याला कोरा फ्लॅश म्हणत. पुढे कुणी फोटो मागायला आलंच, तर उत्तर तयार असायचं: तुमचे डोळे मिटले होते, म्हणून छापला नाही. या उत्तराशी वाद घालायला कुणी आलं नव्हतं. स्वतःचे डोळे मिटले होते की नाही, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

आता लोक क्लिक झाल्याबरोबर खांद्यावरून वाकून 'दाखवा' म्हणणार होते.

"नवा बघायचा की वापरलेला?" दुकानदारानं विचारलं. चाळिशीचा, बोलका माणूस. काउंटरमागे स्कॅनर, कॉम्प्युटर आणि काचेच्या कपाटात ओळीनं कॅमेरे.

"स्वस्त," बायको म्हणाली.

त्यानं तीन कॅमेरे मांडले. पहिला नवा कोरा, हलका, खेळण्यातल्यासारखा. दुसरा एवढा दांडगा, की बायकोनं किंमत न विचारताच तो बाजूला सरकवला. तिसरा वापरलेला, दहा मेगापिक्सेलचा, पकडीचं रबर जरा झिजलेलं.

"तुमच्या जुन्या लेन्स यावर बसतील," दुकानदार म्हणाला. "फक्त फोकस हातानं करायचा आणि उजेडाचा अंदाज स्वतःचा."

"अंदाज आहे आमच्याकडे," मास्तर म्हणाले.

"तेवढाच आहे," बायको म्हणाली. "हा चालवलाय किती?"

"फक्त नऊ हजार."

"किलोमीटर?"

"क्लिक हो, वहिनी. शटर किती वेळा उघडलं, ते कॅमेरा आत लिहून ठेवतो. विकणारा काही का सांगेना."

मास्तरांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, "ते पुसता येतं का?"

"छे! पण तुम्हाला काय एवढं पुसायचंय?" दुकानदार हसला. बायकोही हसली. मास्तर सगळ्यांत शेवटी हसले आणि जरा जास्तच वेळ हसले. "घ्या, एक काढून बघा. माझाच काढा."

मास्तरांनी कॅमेरा उचलला. हाताला वजन लागलं तसा जरा धीर आला, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हनुवटी खाली, पोट आत."

क्लिक झाला. पडद्यावर दुकानदाराचा चेहरा आला, पण दुकानदार काही पडद्याकडे बघत नव्हता. तो मास्तरांकडे बघत होता.

"मास्तर?" तो म्हणाला. "स्टेशनमागच्या हॉलमधले? माझ्या ताईचं लग्न तुम्हीच केलंत! म्हणजे फोटो हो, फोटो. वीस वर्षं झाली."

"केलं असेल," मास्तर म्हणाले. जुनं गिऱ्हाईक भेटलं की त्यांना नेहमी दाराकडे बघावंसं वाटे.

"एक फोटो राहिला होता आमचा. माझा आणि वडिलांचा. जिन्यापाशी. वडील कधी जवळ घेणारे नव्हते. त्या दिवशी काय मनात आलं, खांद्यावर हात टाकला आणि तुम्हाला म्हणाले, 'आम्हा दोघांचा एक काढा.' नंतर मी तुमच्या घरी दोनदा येऊन गेलो."

बायकोनं त्याला निरखून बघितलं. "तो किडकिडीत मुलगा? निळ्या सायकलवरून यायचास? मीच सांगितलं होतं तुला, डोळे मिटले होते म्हणून."

"तेच तर म्हणतोय ना! छापला नव्हता." दुकानदार काउंटरवर पुढे वाकला. "पण निगेटिव्ह असेल. वडील पुढच्याच वर्षी गेले. अल्बमभर आहेत ते, पण सगळीकडे खुर्च्या उचलताना, नाहीतर कुणाच्या तरी मागं अर्धे. माझे डोळे मिटलेले का असेनात, त्यांचे तर उघडे असतील! तेव्हा सुचलंच नाही बघा. आणि मग आम्ही घर बदललं. ती निगेटिव्ह मिळाली ना मास्तर, तर हा कॅमेरा निम्म्या किमतीत तुमचा."

वीस वर्षं उपयोगी पडलेलं उत्तर आता उलटं त्यांच्याच अंगावर धावून येत होतं. डोळे मिटलेले दिसले, म्हणजे फोटो असणारच.

"एवढ्या जुन्या निगेटिव्ह..." ते म्हणाले, "कुठल्या राहतायत..."

"कुठल्या म्हणजे?" बायको ताठ झाली. "माझ्याकडे एकूण एक आहे. वर्षवार डबे आहेत, तारखा घालून. चल रे, आत्ताच बघू. घर इथून दहा मिनिटांवर आहे."

दुकानदारानं 'अर्ध्या तासात येतो' अशी पाटी लावली आणि कुलूप घातलं. तिघं चालू लागले. बायको आणि दुकानदार पुढे गप्पा मारत होते. मास्तर मागून येत होते, आणि अपघात व्हावा असं त्यांना वाटत होतं. फार मोठा नको, पण एखाद्याला दवाखान्यात न्यावं लागेल इतपत.

"त्या वर्षीचा डबा भिजला होता बहुतेक," ते मागून म्हणाले.

"एकही डबा भिजलेला नाही," बायको मान न वळवता म्हणाली.

"बुरशी तरी..."

"दर वर्षी पुसते मी ते. तुम्हाला घरात काय चालतं, कधी कळलंय?"

खरं सांगून टाकावं, असं त्यांना चौकात वाटलं. तेवढ्यात दुकानदार मागे वळून म्हणाला, "आईला आधी सांगणार नाही मी. एकदम फ्रेम करूनच तिच्या हातात देईन," आणि मास्तरांनी शब्द गिळले.

घरी बायकोनं कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पातळ कागदाची पाकिटं होती आणि प्रत्येकावर तिचं गोल, टपोरं अक्षर. लग्नाचं पाकीट तिला मिनिटभरात सापडलं. मास्तरांच्या मनात आलं, की जगातल्या निम्म्या भानगडी बायकांच्या नीटनेटकेपणामुळे बाहेर येत असाव्यात. पण हे विचार बोलून दाखवायची वेळ नव्हती.

खिडकीच्या काचेवर निगेटिव्हच्या पट्ट्या धरून दोघं बघू लागले. मास्तर खुर्चीत बसले. मग उठले. मग पाणी प्यायले आणि परत बसले. काचेवर पांढऱ्या केसांच्या, काळ्या दातांच्या माणसांची वरात उलट्या रंगांत सरकत होती.

"हा हार घालतानाचा. हे जेवणाचं. हा कोण, मामा?"

"मामाच. पाच फोटोंत आहे. कुठंही घुसतो."

पहिला रोल संपला. दुसरा संपला. तिसऱ्या रोलच्या शेवटच्या पट्टीवर दुकानदारानं जास्त वेळ लावला. मग तो परत पहिल्या पट्टीवर गेला, आणि आता तो चेहरे बघत नव्हता. प्रत्येक फोटोखाली कडेला छापलेले आकडे बोटानं मोजत होता. तो धंद्यातला माणूस होता. त्याला सांगायला कुणी नको होतं.

"एकही आकडा मधे सुटलेला नाही," तो म्हणाला. "सलग आहेत. तिन्ही रोल."

"मग असेल की त्यातच," बायको म्हणाली. "परत बघ नीट."

"नाहीये, वहिनी. जिना कुठल्याच फोटोत नाही."

दोघांनी एकदम मास्तरांकडे बघितलं. दुकानदाराच्या नजरेत अजून राग नव्हता, नुसता प्रश्न होता. राग असता तर बरं झालं असतं. चौथ्या रोलची थाप मारता आली असती. जिभेवर आलीही होती. पण बायको समोर होती, आणि रोल किती होते ते पाकिटावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"काढला नव्हता," मास्तर म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा आला. "रोल संपत आला होता. नुसता फ्लॅश मारला मी. त्याला वेगळं बटण असतं."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"म्हणजे," दुकानदार सावकाश म्हणाला, "माझे डोळे मिटले नव्हते?"

मास्तरांनी पाण्याचं रिकामं भांडं परत उचललं.

"सांगा ना. आई अजून म्हणते, एवढा एक फोटो होता आणि तू धड डोळे उघडे ठेवले नाहीस. दर वर्षी, त्यांच्या तारखेला. वीस वर्षं मी फोटो काढताना डोळे फाडून बघतो, लोक हसतात. मिटले होते की नव्हते?"

नव्हते, असं म्हणणं सोपं होतं. माणूस खूश होऊन गेला असता. पण मास्तरांची थापांची शिदोरी आज एका सकाळीत संपली होती.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं. कॅमेरा डोळ्याला होता, पण लक्ष जेवणाच्या पंगतीकडे होतं. पुढचा फोटो तिथला होता."

दुकानदारानं पट्ट्या पाकिटात घातल्या, अगदी क्रमानं, आणि पाकीट बायकोच्या हातात दिलं. दाराशी जाऊन चपला घालताना तो म्हणाला, "शनिवारचं काम आहे, वहिनी वाटेत म्हणाल्या. कॅमेरा बाजूला ठेवतो. पूर्ण किमतीत."

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि आईला आज सांगणार मी. ती येईल तुमच्याकडे." त्यानं जरा विचार केला. "ती माझ्यासारखी नाही."

तो गेला. मास्तर दाराकडे बघत राहिले, कारण दुसऱ्या बाजूला बायको होती.

मग टेबलाच्या खणातून तिनं वही काढली, पेन काढलं आणि डब्याशेजारी बसली.

"दारात मी उभी राहायचे," ती म्हणाली. "लोक यायचे, आणि मी त्यांना तोंडावर सांगायचे, डोळे मिटले होते म्हणून. एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर रडले होते. मी त्यांना म्हटलं, काका, पुढच्या वेळी नीट बघा हं कॅमेऱ्याकडे."

"अगं, धंद्यात सगळेच..."

"बसा. किती जणांचे?"

"एवढं कसं आठवणार?"

"जितके आठवतील तितके. आधी आपल्या नात्यातले सांगा. त्यांना मी स्वतः जाऊन भेटणार आहे."

मास्तर बसले. वहीचं पान कोरं होतं आणि तिनं वर तारीख घातली होती. इतकी भीती त्यांना दुकानात वाटली नव्हती, रस्त्यात नव्हती, आकडे मोजले जात होते तेव्हाही नव्हती.

"आधी," ते म्हणाले, "तुझी मावशी."