साखरेची लेक

मी एक जुनी पांढरी भुकटी आहे, मित्रांनो. बाटलीच्या तळाशी चिमूटभर उरलेली. चाखू मात्र नका. साखरेच्या पोटी जन्मले खरी, पण गोडवा माझ्यात औषधालाही नाही.

मला घडवलं ताईंनी. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे साहेबसुद्धा. फळांतल्या साखरेपासून त्यांनी मला पायरीपायरीने उभं केलं. तापवलं, गाळलं, बर्फात बसवलं. मधेच माझा चिकट डिंक झाला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "हट्टी आहेस गं, अगदी माझ्या आईसारखी!" अख्खा हिवाळा सरला, तेव्हा कुठे मी कोरडी, शुभ्र झाले.

माझं काम सांगते. काही औषधांचे रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात. दिसायला सारखे, पण डाव्याचा हातमोजा उजव्याला बसत नाही. आमच्या औषधाचा उजवा रेणू दुखणं बरं करायचा, डावा यकृत नासवायचा. साधेपणाने बनवलं, तर दोन्ही निम्मे निम्मे तयार होत. म्हणून ताई मला आधी कच्च्या रेणूला जोडत. मी त्याची एक बाजू अडवून बसायचे, मग त्याला जोडायला येणाऱ्या रेणूला मोकळ्या बाजूनेच शिरावं लागे. उजवा रेणू तयार झाला की ताई मला सोडवून घेत, धूत, वाळवत आणि बाटलीत ठेवत. औषधात माझा कणही राहत नसे. राहायलाच नको होता.

पाहुणे आले की साहेब औषधाची कुपी उंच धरत. टाळ्या पडत. ताई मागे नळाखाली भांडी विसळत असत. माझं नाव कुणी घेतलं नाही. त्यांचंही नाही.

मग ताईंची आई अंथरुणाला खिळली. रजेवर जाताना त्यांनी माझी बाटली नव्या रसायनतज्ज्ञाच्या हाती दिली. त्याचा कामाचा झपाटा बघून सगळे त्याला तुफान म्हणत.

"औषध वेगळं झालं की हिला फेकू नकोस. धुऊन वाळव. एवढंच कर."

"काळजीच नको, ताई!"

पहिल्याच खेपेला साहेब म्हणाले, "धुण्यावाळवण्यात वेळ कशाला घालवतोस?" आणि तुफानने मला टाकाऊ द्रावणांच्या पिंपात ओतलं. त्या काळ्या, उग्र वासाच्या चिखलात मी विरून गेले. बाटलीला चिकटलेली तेवढी वाचले.

आईला कायमचा निरोप देऊन ताई परतल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"बाकीची कुठंय?"

तुफानने पिंपाकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "अहो ताई, साखरच ती! पुन्हा करा की."

"साखर दुकानात मिळते, साहेब. ही नाही मिळत."

साहेबांनी माझ्याविना करून पाहिलं. डाव्याउजव्याची सरमिसळ झाली, सगळी खेप ओतून द्यावी लागली. तेव्हा तुफान ताईंसमोर येऊन उभा राहिला. "एकदाच करून द्या ना, ताई. माझी नोकरी जाईल."

ताईंनी बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मी तिकडे आईची पाठ पुसत होते रे. तुला इकडे फक्त हिला धुवायचं होतं."

त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. जाताना माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते मला पिंपापेक्षा जास्त लागलं.

औषध बंद पडलं. ज्यांना ते हवं होतं, ते अजून दुकानादुकानांत विचारत फिरतात. मित्रांनो, ज्याच्या आधाराने काम झालं, त्याला धुऊनपुसून जपा. गरज सरो नि वैद्य मरो, असं म्हणणं सोपं असतं. पण दुखणं उलटतं. मग दार कुणाचं ठोठावाल?