वस्त्रगाळ सातू

"पाउडर पी रही हैं ना?" वजनकाट्याकडे बघत डॉक्टरांनी विचारलं.

जयवंतीनं मान हलवली. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनचे शेक सुरू झाल्यापासून तोंडभर फोड आले होते. घास उतरत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी अमिनो ॲसिडची पावडर दिली होती. अंगाची झीज भरायला हाच कच्चा माल लागतो, असं समजावलंही होतं. देवासहून रोज बसनं इंदूरला येणारी जयवंती ती नेमानं प्यायची. तरी वजन उतरतच होतं.

"और गिरा तो सिकाई रोकनी पड़ेगी." डॉक्टरांनी तिच्या पिशवीतला डबा उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवली. "ये तो सत्तू है!"

तिचा नवरा मार्तंड जमिनीकडे बघायला लागला. शेकानं तिच्या जिभेची चव गेली होती. तिला पावडर काय नि सातू काय, सगळं सारखंच.

नवा डबा घेऊन ती बसमध्ये चढली, तेव्हा तो पुटपुटला, "अक्का म्हणाली, त्यात अंडंबिंडं असेल. घट बसले त्याच दिवशी तिनं फेकून दिली. मी सोचलं, सातूतही ताकद असते. एकदम वस्त्रगाळ केलं होतं गं, तुझ्या घशाला टोचू नये म्हणून."

जयवंतीचं डोकं भणाणलं. मशीनला चुकीचं तेल घातलं तर कारखाना डोक्यावर घेणारा हा फिटर, आणि बायकोच्या पोटात काय जावं ते बहिणीवर सोपवून मोकळा! त्याच्या त्या वस्त्रगाळ मायेची तर तिला जास्तच चीड आली.

घरी अक्का, म्हणजे धारहून आलेल्या तिच्या नणंद राजाबाई, सोवळ्यात आरतीची तयारी करत होत्या. जयवंती बसच्या लुगड्यानिशी स्वयंपाकघरात शिरली, पेल्यात पावडर कालवली आणि घटासमोर येऊन बसली.

"अगं, विटाळ! देवीपुढं ते डब्यातलं? तुझ्यासाठीच तर उपास धरलाय मी!"

"धरा, वन्सं." शब्दागणिक तिचं तोंड सोलवटत होतं. "मी नाही मरायची तुमच्या सोवळ्यापायी."

एकेका घोटाला डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं पेला रिकामा केला. मार्तंड पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आला. तिनं तो घेतला नाही.

"उद्यापासून इंदूरला मी एकटी जाईन," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

राजाबाईंनी आरती सुरू केली. मार्तंड तांब्या धरून उभाच होता. जयवंती आत गेली आणि डबा उशाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली.