बिनदातांच्या कवट्या

सुईणकाकूंच्या अंगणात अख्खी गल्ली लोटली होती. धूरबाबांनी ताट उंचावलं. त्यात बोराएवढ्या सात कवट्या, पांढऱ्याफटक, बिनदातांच्या.

"अपुऱ्या दिवसांची बाळं!" बाबा गरजले. "हिच्याच माळ्यावर सापडली. रोज तीच किंचाळतात. हिला गल्लीबाहेर काढा, मग मी धुरी देतो. भूत असं पळेल, की सावली न्यायचंही विसरेल!"

चाळीस वर्षांत काकूंच्या हातांवर तीन बाळं न रडताच गेली होती. दिवेलागणीला माळ्यावरून किंचाळी आली, की काकू मनात मोजत: एक, दोन, तीन. कुणाजवळ कधी बोलल्या नव्हत्या. मग बाबांना कसं कळलं?

"अहो काकू, बोला की काहीतरी!" शेजारीण कळवळली.

काकूंनी एक कवटी उचलली. अंगठा सवयीनं टाळू चाचपायला गेला आणि थबकला.

"अगं, हिची टाळू भरलेली आहे! पोटातल्या बाळाचं डोकं वरून मऊ असतं. आणि पुढे हे दात मोडल्याचे ताजे खड्डे कसले?"

"दैवी कोप—"

"कोप राहू द्या. माळ्यावर केसाळ गोळे पडलेले असतात, त्यातला एक नवा आणा कुणीतरी."

शाळेतल्या बाई शिडी चढल्या, करडा केसाळ गोळा घेऊन उतरल्या. काकूंनी तो घमेल्यात भिजवला. लव सुटली, बरगड्या सुटल्या, आणि वर आली एक कवटी. पुढे लांबलचक पिवळे दात.

"असं बाळ जन्मलं असतं," काकू म्हणाल्या, "तर नाळ त्यानंच कुरतडली असती! उंदीर आहे हा."

कुणीतरी बाबांची झोळी झटकली. पक्कड खणकन पडली.

"वर गव्हाणी घुबडांचं घरटं आहे," बाई म्हणाल्या. "उंदीर अख्खा गिळतात, हाडं-केस ओकून टाकतात. किंचाळतातही तीच."

धान्यदुकानदाराचा चेहरा उतरला. "म्हणजे गेल्या वर्षी माझ्या कोठारातलं भूत यांनी धुरीनं पळवलं, ते... तेव्हापासून पोती पोखरली जातायत. उंदरांवरचे ताईतही यांच्याकडूनच घेतो मी!"

"खाणारं हाकललं, की खाल्लं जाणारं वाढणारच," बाई म्हणाल्या. "उंदरांच्या एका जोडीनं वर्षात घर भरतं."

बाबा असे पसार झाले, की त्यांची सावली खरंच अंगणात राहिली, असं गल्ली अजून शपथेवर सांगते.

मंडळी, हाड दिसलं तर आधी भिजवा, निरखा, विचारा. कुणा बाईला हाकलायची घाई नको. बाबांना त्या तीन बाळांचं काहीच ठाऊक नव्हतं. ती भीती काकूंनी स्वतःच पुरवली होती.

दिवेलागणीला किंचाळी आली. काकूंनी मोजलं: एक, दोन, तीन. ती तिघं माळ्यावर कधीच नव्हती. होती ती काकूंच्या उरात, मुकाट. वर घुबडांकडे पाहून त्या म्हणाल्या, "जेवा रे, पोटभर जेवा."