रिकाम्या दप्तराचं वजन

खारूची पाठ दुखायला लागली तेव्हा मी आधी शाळेलाच धारेवर धरलं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. फाटकापाशी वर्गशिक्षिकेला गाठून सगळ्यांसमोर विचारलं, "मुलं इथे शिकायला येतात की हमाली करायला?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या, की जाड वह्या आम्ही वर्गातच ठेवून घेतो. मी ऐकलं नाही. शाळा असं म्हणणारच.

खारू माझी मुलगी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण खाऊ गालात साठवायची सवय बघून आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला खारू केलं आणि तेच चिकटलं. आबांनी जन्मभर पडदे शिवले. हातशिलाई अशी, की टाका शोधून काढावा लागे. मग सासूबाई गेल्या, दुकान बंद झालं, नजर अधू झाली आणि त्यांच्याकडे एकच काम उरलं. सकाळी नातीला शाळेत पोचवायचं, दुपारी घेऊन यायचं. दप्तर आबांच्या खांद्यावर आणि खारू पुढे उड्या मारत, अशी वरात रोज निघायची.

यंदा शाळा सुरू झाली आणि खारूनं जाहीर केलं, "आबा, आता दप्तर मी घेणार. मी मोठी झाले."

मी लगेच म्हटलं, "बरं झालं. मग आबा, तुम्ही कशाला तंगडतोड करता? गुडघे धड नाहीत तुमचे. घरी बसा आरामात."

मी काळजीनंच म्हटलं होतं. आबा म्हणाले, "बघू की. पोर थकली वाटेत तर?"

आणि पोर खरंच थकायला लागली. कोपऱ्यावरची बेकरी आली, की दप्तर आबांच्या खांद्यावर जायचं. मी हसायचे. म्हणायचे, "बघा आमची मोठी झालेली बाई!" आबाही हसायचे. त्यांचं जाणं-येणं चालू राहिलं.

शाळेजवळच्या फिजिओथेरपी क्लिनिकचं वार्तापत्र दर महिन्याला मुलांबरोबर घरी येतं. कंबरदुखी, मान, बसायची पद्धत, असलं काहीबाही असतं. एरवी मी ते ओट्यावर अंथरते. त्या महिन्यात मात्र पहिल्याच पानावर होतं, 'दप्तर तपासणी. शनिवारी मूल आणि दप्तर, दोन्ही घेऊन या.' मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत, जड पुस्तकं पाठीलगत हवीत, दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच हवं. शाळेविरुद्ध पुरावा मिळणार म्हणून मला उकळ्या फुटत होत्या.

आबांनी विचारलं, "शनिवारी दप्तर नेलंच पाहिजे का?"

"मग काय दाखवू तिथे, माझं कप्पाळ?"

"नाही म्हणजे, पट्टा जरा उसवलाय. उद्या दे माझ्याकडे, शिवून ठेवतो."

"काही शिवायचं नाही. आहे तसं बघू दे त्यांना."

आबांनी पानातली भाकर तशीच ठेवली. मला वाटलं, भूक नसेल.

शनिवारी क्लिनिक पालकांनी भरलं होतं. फिजिओबाई मऊ आवाजाच्या, पण नजर तेज. त्यांनी खारूला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, खांद्यांवरून हात फिरवला. उजवा खांदा खाली आला होता. "एकाच खांद्यावर अडकवतेस ना?" खारूनं मान हलवली. मग त्यांनी दप्तर हुकाच्या काट्याला अडकवलं आणि भुवया वर केल्या. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघून घेतलं.

एकेक वस्तू बाहेर निघाली. दोन पुस्तकं, दोन वह्या, कंपास, डबा, पाण्याची बाटली. "यात जास्तीचं तर काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी रिकामं दप्तर पुन्हा काट्याला लावलं. काटा शून्याच्या जवळपासही आला नाही.

"रिकाम्या दप्तराचं एवढं वजन?" त्यांनी तळाशी बोटं दाबून बघितली. "अस्तराच्या आत काहीतरी आहे. उसवू?"

कात्री लागायच्या आधीच मला टाका दिसला. म्हणजे दिसत नव्हता, म्हणूनच ओळखला. आतून शिशाच्या चपट्या चकत्या निघाल्या. पडदा सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत घालतात, त्या. एकही खुळखुळू नये म्हणून प्रत्येकीला कापडाची वेगळी पिशवी शिवलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझं तोंड एवढंस्सं झालं.

"ते आबांचं आहे," खारू म्हणाली. "काढू नका ना."

"तुला माहीत होतं?"

"हाताला लागायचं." तिनं एक पिशवी मुठीत धरली. "काढलं असतं तर मी थकले नसते. मग आबा कशाला आले असते?"

घरी येऊन मी ती वजनं आबांसमोर टेबलावर ओतली. "पोरीची पाठ मोडायची होती का तुम्हाला?"

आबांनी एक पिशवी उचलली, चाचपली, खाली ठेवली. "बेकरीपर्यंतच गं," ते म्हणाले. "तेवढंच न्यायची ती. पुढं मीच घ्यायचो."

"आणि शाळेतले जिने? तिसऱ्या मजल्यावर वर्ग आहे तिचा!"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "जिने ध्यानातच आले नाहीत माझ्या. फाटकाच्या आत मला कुणी सोडत नाही ना."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, "यापुढे तुम्ही शाळेच्या वाटेला फिरकायचं नाही." खारू त्या रात्री रडली, जेवलीही नाही. आबांनी मान डोलावली, अस्तर पुन्हा शिवून दिलं, आणि सोमवारी स्वतः तिच्या पाठीवर दप्तर चढवलं. वार्तापत्रातल्यासारखे दोन्ही पट्टे सारखे केले. "जा," म्हणाले, "आता काही जड नाही."

खारू पहिले काही दिवस वळून वळून बघायची. मग शेजारच्या मुलींबरोबर जायला लागली. मग सायकल आली. खांदा सरळ झाला, आणि वार्तापत्रात 'दप्तर असं घ्यावं' या मथळ्याखाली तिचा फोटो आला. आबांनी तो कापून खिडकीशेजारी चिकटवला. दिवसभर ते त्या खिडकीतच असत. वर्ष सरता सरता त्यांना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला.

मी त्याच क्लिनिकमध्ये त्यांना घेऊन गेले. फिजिओबाईंनी त्यांच्या घोट्याला वाळूची वजनदार पट्टी बांधली आणि पाय उचलायला सांगितला. पाय अर्ध्यावरच थांबला. आबांनी पट्टी निरखून बघितली. "टाका कच्चा आहे," म्हणाले. बाई हसल्या. मला हसू आलं नाही. गेल्याच आठवड्यात मी खारूला म्हटलं होतं, आबांना घेऊन जात जा गं शाळेपर्यंत. ती सायकलच्या घंटीशी खेळत म्हणाली होती, "आई, मैत्रिणी कोपऱ्यावर थांबलेल्या असतात. आबा हळू चालतात, उशीर होतो." त्यात तिचं चुकलं असंही नाही.

"पायात जोर येईल, आबा," बाई म्हणाल्या. "पण व्यायामाबरोबर रोज चालायला पाहिजे. सकाळी नेमानं निघायचं. पूर्वी चालत होतात ना?"

"चालेन की," आबा म्हणाले. ते शहाण्या मुलासारखे ऐकत होते. "पण कुठं जाऊ?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही, असं सगळे म्हणतात. मी खाली बसले आणि आबांच्या पायाची पट्टी सोडायला लागले.