जिवंत पाकट नापास

मुशी हा शार्कच्या जातीचा मासा म्हणजे एक नंबरचा नाटकी. समुद्रातून काढल्याबरोबर शेपटीशी चीर देऊन रक्त वाहू दिलं, पोट साफ करून बर्फात झोपवली, की तिच्यासारखी गुणाची दुसरी नाही. काटा नाही, कटकट नाही. पण बोटीवर कुणी कंटाळा केला, "किनाऱ्यावर गेल्यावर बघू" म्हणाला, की संपलं! तिला सरळ मुतारीचा वास मारतो. मग लिंबू चोळा नाहीतर अत्तर ओता, उपयोग शून्य.

म्हणून तर मासळीच्या शेडच्या दारात स्टूल टाकून जजबाई बसायच्या. हे नाव बोटी चालवणाऱ्या तांडेलांनी ठेवलेलं. टोपली पुढे आली की त्या वाकणार, एकदाच हुंगणार आणि म्हणणार, "पास," नाहीतर "नापास." सव्वीस वर्षं त्या शब्दावर अपील नव्हतं.

पण गेल्या महिन्यात त्यांना ताप आला, आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. चहा काय, साबण काय, रॉकेल काय, सगळं सारखंच! जजबाई मनातून पार हादरल्या. हे स्टूल गेलं तर उरलं काय? घरात बसून माशा मारायच्या? त्या विचारानेच त्यांना रडू यायचं. म्हणून त्यांनी कुणापुढे ब्र काढला नाही आणि एक युक्ती शोधली.

स्टुलाच्या बाजूच्याच टेबलावर त्यांची सून काम करायची. मुशीवर कढत पाणी ओतायचं, सुरीने तिची कानशीसारखी कातडी खरवडायची, पाकट या चपट्या माशाचे दोन्ही पंख कापून वेगळे करायचे. सुनेचं तोंड म्हणजे नोटीस बोर्ड. जजबाई टोपलीवर वाकायच्या आणि चष्म्याच्या कडेतून हळूच सुनेकडे बघायच्या. तिचं नाक मुरडलं की नापास, नाहीतर पास. महिनाभर सगळं बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी सकाळची पहिली टोपली आली. सुनेने नाक मुरडलं. नापास. दुसरी आली, पुन्हा तेच. तिसरीलाही तेच. बाहेर तांडेलांची कुजबुज सुरू झाली. आज मेल्यांनी सगळ्यांनीच आळस केलेला दिसतोय, असं जजबाईंना वाटलं.

चौथी टोपली थोरल्या तांडेलाची, ओल्या गोणपाटाखाली झाकलेली. जजबाई वाकल्या, सुनेकडे पाहिलं. सुनेने तर चक्क तोंडावर हात दाबून धरला होता.

"नापास! सडलंय!"

तांडेलाने गोणपाट ओढलं. आतल्या पाकटाने फाडकन पंख आपटला आणि जजबाईंच्या चष्म्यावर पाणी उडालं.

"अहो काकू, जिवंत आहे हे! सडायच्या आधी मरू तरी द्या की बिचाऱ्याला!"

अख्खी शेड खो खो हसली. बर्फाच्या खोलीतून शेडचे मुकादम धावत आले. त्यांना बघून तांडेलाचं हसू थांबलं.

"हसण्यावारी नेऊ नका, मुकादम. या सासू-सुना मिळून आमचा माल नापास करून भाव पाडतायत. कुठल्या व्यापाऱ्याशी संगनमत आहे ते विचारा एकदा!"

सून उत्तर द्यायला उठली आणि तशीच तोंड दाबून मागच्या मोरीकडे पळाली. तिकडून ओकारीचा आवाज आला. जजबाईंची स्वतःची तीन बाळंतपणं झालेली. त्यांना एका क्षणात उलगडा झाला.

"अगंबाई!"

आनंदाने ऊर भरून आला, पण लगेच पेच पडला. गप्प राहावं, तर सुनेवर नसता आळ येत होता. बोलावं, तर स्टूल जात होतं. पण सुनेवर आळ? छे! त्या उठून उभ्या राहिल्या.

"संगनमत-बिंगनमत काही नाही. मला महिनाभर वासच येत नाही. सुनेचं तोंड बघून निकाल देत होते. तिचा यात काही दोष नाही. आणि आज तिला मोगऱ्याचा वाससुद्धा सोसायचा नाही, कारण... कारण मी आजी होणार आहे!"

कुणीतरी शिट्टी मारली. मुकादमही हसले, पण मग मान हलवून म्हणाले, "अभिनंदन, बाई. पण आता स्टूल सोडावं लागेल. लोकांच्या पोटात जातं हे."

खरं होतं त्यांचं. जजबाईंचे डोळे भरून आले. त्या पिशवी उचलायला वाकल्या, तेव्हा त्यांना दिसलं की या गडबडीत तोच थोरला तांडेल आपली दुसरी टोपली पायाने हळूच आत सरकवतोय.

"थांब रे. यात काय आहे?"

"मुशी. पण तुम्हाला काय त्याचं? तुम्हाला कुठे वास येतो?"

"मला नाही येत. तुला येतो ना? हुंग."

"मी?"

"तूच. चांगलं तोंड खुपसून."

तांडेल वाकला. "एकदम ताजी!" म्हणाला खरा, पण त्याचा डावा डोळा मिटला आणि गालावर पाण्याची धार लागली.

"नापास," जजबाई म्हणाल्या.

मुकादमांनी स्वतः वाकून पाहिलं आणि ठसकत दोन पावलं मागे आले. "नापास कसली, ही तर शाळेतून काढून टाकण्यासारखी आहे! बसा बाई, बसा. आजपासून ज्याची टोपली त्यानेच हुंगायची. तुम्ही फक्त तोंडं बघा."

पहिल्या तिन्ही टोपल्या परत मागवल्या. तिघांनी आपापली हुंगली, तिन्ही पास झाल्या.

सून तोंड धुऊन आली. जजबाईंनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"महिनाभर तुझ्या तोंडाकडे चोरून बघत होते गं. रागावू नकोस."

"चोरून कसलं, आई? त्या दिवशी दूध करपून घरभर वास सुटला आणि तुम्ही शेजारी शांतपणे तांदूळ निवडत बसलात. तेव्हाच ओळखलं मी. मुशीच्या वासाने माझं नाक कुठे मुरडतंय आता, चार वर्षं ती खरवडून? तुमच्यापुढे यायच्या आधी मीच प्रत्येक टोपली हुंगून यायचे आणि तुम्हाला नीट दिसावं म्हणून एवढं तोंड वाकडं करायचे. आज मात्र मळमळ आवरेना."

जजबाईंनी सुनेचे ओले, खरखरीत हात आपल्या हातात धरून ठेवले. मग त्यांनी विचारलं, "आणि घरी माझ्या भाजीला नाक मुरडतेस, तेही नाटकच का गं?"

"नाही आई," सून म्हणाली. "ते मात्र खरं."

बाहेर पुढच्या बोटीचा तांडेल टोपली घेऊन कधीचा ताटकळत होता, आणि या दोघींचं हसू काही थांबत नव्हतं.