डावा गुडघा

या देवीचा अखेरचा भक्त मरून सोळाशे वर्षं उलटली, आणि त्याच्याबरोबर तिचं नाव, तिची प्रार्थना आणि तिच्याकडे नेमकं काय मागायचं असतं, हेही पृथ्वीच्या पाठीवरून कायमचं पुसलं गेलं. निदान संग्रहालयातल्या मूर्तीखालच्या पाटीवर तरी तसं लिहिलं होतं. वाक्य संवर्धक बाईंनी स्वतः रचलेलं होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. या क्षणी मात्र त्या त्याच पाटीशेजारी फरशीवर उकिडव्या बसून, बॅटरीच्या तिरप्या उजेडात देवीचा डावा गुडघा न्याहाळत होत्या. गुडघा लखलखत होता. सोळाशे वर्षं भक्त नसलेल्या देवीचा गुडघा असा लखलखत नाही.

"मामा, हिला हात कोण लावतं?"

दालनाचे पहारेकरी मामा खुर्चीतून निम्मे उठले. पूर्ण उठायचं की नाही, हे ते प्रश्नाचं वजन बघून ठरवत.

"शाळेची पोरं त्या पलीकडच्या देवाच्या नाकात बोटं घालतात. हिला कोण विचारतंय?"

"मग गुडघा आपला आपण चमकायला लागला?"

"एक सांगू का बाई? रागावणार नाही ना?"

"रागावेन. सांगा."

मामा आता पूर्ण उठले. "तुमचे बाबा."

बाईंनी बॅटरी विझवली. मग उगाचच पुन्हा लावली.

"मंगळवारी येतात. दुपारी, गर्दी नसते तेव्हा. मला वाटलं तुम्हाला भेटायला येतात. पण तुमच्या खोलीकडे वळतच नाहीत. हात ठेवतात, उभे राहतात आणि जातात. आता प्रोफेसरसाहेबांना 'हात लावू नये' म्हणून मी कसं सांगणार?"

बाईंचे वडील तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. देव नाही हे सिद्ध करण्यात त्यांनी उभा जन्म घालवला होता, आणि देवानेही त्याला कधी हरकत घेतली नव्हती. घरात देव असणार नाही, ही त्यांची लग्नाआधीची एकमेव अट. आईने ती मान्य केली. शिलाई मशीन ठेवावी तसा आपला देव तिने माहेरी ठेवला: पुढे जागा झाली की नेऊ. जागा काही झाली नाही. पुस्तकं वाढत गेली. मागच्या थंडीत आई गेली तेव्हा तिच्या माहेरच्या माणसांनी दबकत विचारलं होतं, निदान दोन शब्द तरी म्हणू का प्रार्थनेचे? वडील म्हणाले होते, "म्हणा. तिला ऐकू जाणार असेल तर मोठ्यानं म्हणा." हा टोमणा होता की विनंती, हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी लेक खांबाआड उभी राहिली. आपण पन्नाशीला आलो आणि बापावर पाळत ठेवतो आहोत, हे तिला शोभत नव्हतं. पण बापालाही जे चाललं होतं ते शोभत नव्हतं, त्यामुळे फिट्टंफाट झाली.

दालनात देव शतकांच्या क्रमाने मांडलेले होते. जिवंतपणी ज्यांच्या अनुयायांनी एकमेकांची डोकी फोडली, ते इथे एकाच दिव्याखाली गुण्यागोविंदाने नांदत होते. सगळ्यांना सारखीच धूळ, सारखंच तापमान. वडील या रांगेकडे न बघता सरळ टोकाला आले. राखाडी स्वेटर, वरचं बटण खालच्या काजात. आई असताना असं होत नसे. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, देवीचा डावा गुडघा हाताने चाचपला आणि तिथेच हात ठेवून उभे राहिले. बसस्टॉपवर ओळखीच्या माणसाशेजारी उभं राहावं तसे.

"बाबा."

हात चटकन निघाला. मग, आता कळलंच आहे म्हणून असेल, पुन्हा जागेवर गेला.

"मी मानत नाही," वडील म्हणाले. "हे आधी लक्षात घे."

"घेतलं."

"मानायला काही शिल्लकही नाही. ना नाव, ना ग्रंथ. हिला मानून माणूस कुणाच्या बाजूला जात नाही. अत्यंत सोयीची आहे."

"मग करता काय इथे?"

वडिलांनी आजूबाजूला पाहिलं. मामा डोळे मिटून अतिशय लक्षपूर्वक ऐकत होते.

"तुझी आई यायची इथे. तुला ठाऊक होतं?"

"माझा डबा घेऊन यायची."

"डबा तुझ्या खोलीत देऊन थेट घरी येत नव्हती ती. एकदा पाऊस होता म्हणून छत्री घेऊन आलो, तर ही इथे. गुडघ्यावर हात. या, डाव्या. ओठ हलत होते. मी तिकडे खांबामागे थांबलो. तिचं आटोपल्यावर बाहेर जाऊन दारात उभा राहिलो, आत्ताच आल्यासारखा. पुढं कधी विचारलं नाही. म्हटलं, घरात अट आहे. बाहेर तिचं ती बघेल."

लेकीने गुडघ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"म्हणजे मी तिला घरात एवढीशी जागा दिली नाही, आणि तिला एका बेवारशी देवीकडे यावं लागलं. वर्षानुवर्षं. काय मागत होती कोण जाणे. आता ते विचारायला येतो."

"ही सांगते?"

"नाही. पण विषयही बदलत नाही. तुझ्या आईनं बदलला असता."

ते हसले. लेकीने पुढे होऊन स्वेटरचं बटण सोडवलं आणि योग्य काजात घातलं. लहान मुलासारखी हनुवटी वर करून त्यांनी ते घालू दिलं.

गोष्ट इथवर राहिली असती तर बरं झालं असतं. पण चकाकी तोवर संचालकांच्याही नजरेस पडली होती. संचालक वयाने लहान, हुशार आणि काचेचे भोक्ते होते. त्यांचं चाललं असतं तर त्यांनी पहारेकऱ्यालाही काचेत बसवलं असतं.

"अस्सल दगडाची झीज होतेय, मॅडम. मूर्ती काचेत जाणार. माप घेऊन माणूस गेलासुद्धा."

"काच कशाला? दोरी बांधू."

"दोरीवरून हात जातो."

ते खरं होतं. सत्तर पार केलेल्या माणसाचाही जातो.

बाई आपल्या खोलीत येऊन बसल्या. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी आता बाकी कुणाच्या गावीही नव्हती. देवी जमिनीतून निघाली तेव्हा तिला डावा गुडघा नव्हता. त्या वेळच्या संचालकांचं मत असं, की मोडकंतोडकं बघायला लोक तिकीट काढत नाहीत, ते घरी फुकट दिसतं. म्हणून नव्यानेच लागलेल्या एका मुलीला सांगण्यात आलं, गुडघा कर. तिने प्लॅस्टरमध्ये दगडाची पूड मिसळून गुडघा केला, रंग जुळवला, वर मेणाचा हात फिरवला. पाटीवर तसा उल्लेख करायचा असतो. तो आधी राहिला, मग राहूनच गेला. ती मुलगी पुढे वरिष्ठ संवर्धक झाली, पाटीवर सोळाशे वर्षांचं वाक्य रचलं, आणि त्यातही गुडघा विसरली.

आता एवढंच सांगायचं होतं, की झिजतंय ते प्लॅस्टर आहे. काच लागणार नाही. पण सांगितलं की पाटीवर यायलाच हवं. आणि वडील पाटी वाचल्याशिवाय औषधाची बाटलीसुद्धा उघडत नसत. काच आली, तर त्यांचा हात काचेवर थांबणार. पाटी आली, तर हाताखालची देवीच जाणार. आई बोलत होती असं जे एकच ठिकाण त्यांना उरलं होतं, ते कुठल्या बाजूने काढून घ्यायचं, एवढाच प्रश्न होता.

त्या दिवशी बाईंनी एका मातीच्या भांड्याचे तुकडे उलटे जोडले आणि सगळे पुन्हा सोडवले.

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांच्या दारात उभ्या राहिल्या.

"काचवाल्याला नको सांगा. गुडघा प्लॅस्टरचा आहे."

"असं कोण म्हणतं?"

"ज्यांनी केला त्या."

"कोणी केला?"

"मी."

संचालकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग काचवाल्याला फोन लावायला घेतला. "पाटीवर येऊ द्या मग," ते म्हणाले. एरवी पाटीचा मजकूर तीन टेबलांवर फिरून, दुरुस्त होऊन बिघडत असे. हा एका दिवसात लागला.

मंगळवारी वडील आले. लेक या वेळी खांबाआड गेली नाही. त्यांनी खिशात ठेवायला म्हणून चष्मा काढला, पाटी नवी दिसली म्हणून परत चढवला आणि वाचलं. पुन्हा वाचलं.

"प्लॅस्टर," ते म्हणाले.

"हो."

"कधीचं?"

"मी नोकरीला लागले तेव्हाचं. माझं पहिलंच काम."

विद्यार्थ्याचा पेपर तपासताना वडील एकेक पायरी अशीच बोटाने खालीखाली नेत; आताही त्यांचं बोट स्वेटरच्या कडेवरून हळूहळू सरकत होतं. शेवटच्या पायरीवर ते थांबलं.

"तुझ्या आईला ठाऊक होतं?"

इथे एक 'नाही' पुरेसं होतं. मामांनीसुद्धा खुर्चीतून मान वर केली, जणू त्यांचंही मत 'नाही'लाच होतं. पण या माणसाने तिला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती तिला नेमकी आता आठवली.

"तिलाच पहिल्यांदा दाखवला. डबा घेऊन आली होती. पदराला हात पुसले आणि मग हात लावून बघितला."

"काय म्हणाली?"

"दुसऱ्यापेक्षा जाड झालाय म्हणाली."

वडिलांनी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर नजर नेली. परत आणली.

"बरोबर होतं तिचं."

"हो."

"म्हणजे ती देवीकडे येत नव्हती."

बाहेर कुणीतरी शाळेची रांग नीट लावत होतं. पोरांचा कलकलाट जिन्यापर्यंत आला आणि तिथेच अडवला गेला.

"पण ओठ हलत होते," वडील म्हणाले. आवाज वाद घालणाऱ्याचा होता, पण समोर प्रतिपक्ष नव्हता. "मी बघितलंय. हलत होते तिचे ओठ."

"असतील."

"मग काय म्हणत असेल?"

"मला नाही माहीत, बाबा."

त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि हात उचलून डाव्या गुडघ्यावर ठेवला. थोड्या वेळाने त्यांचेही ओठ हलल्यासारखे वाटले. पण त्यांना अलीकडे दातांचा त्रास होता.

उजवा गुडघा अस्सल होता. त्याला कोणी हात लावत नसे.